मुंबईच्या ट्रामच्या आठवणी: कामाची नोंदवही, जानेवारी ते एप्रिल २०२५

५ जानेवारी २०२५

मुंबईच्या ट्रामच्या आठवणी म्हाताऱ्या माणसांकडून ऐकायच्या, मुद्रित करायच्या आणि नकाशावर मांडायच्या, या कामाची हद्द आज ठरली. फक्त विजेची ट्राम घ्यायची, म्हणजे ७ मे १९०७ ते ३१ मार्च १९६४. घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ ला सुरू झाली. कुलाबा ते पायधुनी क्रॉफर्ड मार्केटवरून आणि बोरीबंदर ते पायधुनी काळबादेवीवरून असे तिचे पहिले दोन मार्ग. पण ती पाहिलेलं कोणी आज हयात असणं शक्य नाही. बोलताना कोणी घोडे सांगितले तर ती आजोबा-पणजोबांकडून आलेली गोष्ट. ती घ्यायची, पण 'ऐकीव' या रकान्यात.

वयाचा हिशेब: १९६४ साली आठ वर्षांचं असलेलं माणूस आज एकोणसत्तरचं. त्या वेळी विशीत असलेलं ऐंशीच्या पुढे. ट्राम चालवणाऱ्या खासगी कंपनीच्या काळातली, म्हणजे ७ ऑगस्ट १९४७ ला महापालिकेनं ट्राम ताब्यात घेतली त्याआधीची आठवण हवी असेल तर शहाऐंशीच्या खालचं माणूस उपयोगाचं नाही. त्यामुळे क्रम वयानुसार. घर जवळ आहे, ओळख आहे म्हणून कोणाला आधी घ्यायचं नाही.

प्रत्येक आठवणीचे चार रकाने: जागा, काळ, स्वतः काय पाहिलं-ऐकलं-हाताळलं, आणि खात्री. जागा नसेल तर आठवण नकाशावर जात नाही. साल नसलं तरी चालेल, अमुक ते अमुक असा वर्षांचा पट्टा चालतो. पट्टा लावायला पक्क्या तारखांच्या खुंट्या लागतात, त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्या आहेत: दुमजली ट्राम सप्टेंबर १९२०, पहिली बस १५ जुलै १९२६ (अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट), गोदीतला स्फोट १४ एप्रिल १९४४, महापालिकेचा ताबा ७ ऑगस्ट १९४७, नवे पैसे १ एप्रिल १९५७, महाराष्ट्र राज्य १ मे १९६०, ट्रॉलीबस (तारेच्या विजेवर चालणारी बस) जून १९६२, शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४.

१२ जानेवारी

तीन चाचणी-मुलाखती झाल्या: गिरगाव दोन, लालबाग एक. प्रश्नावली जवळजवळ सगळी बदलावी लागली.

'कोणत्या साली?' हा प्रश्न काढून टाकला. त्यावर माणूस अडखळतो, मग अंदाजानं एक आकडा सांगतो आणि पुढचं सगळं त्या आकड्याला जुळवून सांगू लागतो. त्याऐवजी: तेव्हा शाळेत कितवीला होता, चड्डी की पायजमा, सोबत कोण असायचं, पैसे कोणाच्या खिशातून निघायचे. यातून साल आपोआप दोन-तीन वर्षांच्या आत येतं.

'ट्रामचा नंबर काय होता?' हाही प्रश्न शेवटाकडे नेला. मार्ग क्रमांकाबद्दल लोक फार ठामपणे बोलतात. पण तोच क्रमांक पुढे आयुष्यभर बसवर पाहिलेला असतो, त्यामुळे दोन्ही एकमेकांत मिसळतात. कुठून चढलात, कुठे उतरलात, वाटेत डाव्या हाताला काय दिसायचं, हे विचारलं की मार्ग बरोबर निघतो. डावा हात महत्त्वाचा. तो विचारला की बसायची बाजू, प्रवासाची दिशा आणि रस्त्याची बाजू तिन्ही एकदम कळतात.

नवा प्रश्न घातला: वर तारा किती होत्या? ट्रामला एकच तार लागते, कारण वीज तारेतून येते आणि रुळांतून परत जाते. ट्रॉलीबसला रबरी टायर, परतीची वाट नाही, म्हणून शेजारी-शेजारी दोन तारा. मुंबईत ट्रॉलीबस १९६२ ते १९७१ चालली, गवालिया टँक ते माझगाव या बाजूला. त्या भागातली पासष्ट-सत्तर वयाची माणसं अगदी मनापासून 'ट्रामची दांडी (छतावरची, तारेतून वीज घेणारी) सुटायची' म्हणून सांगतात आणि ती असते ट्रॉलीबस. दोन तारा किंवा 'खाली रूळ नव्हते' असं आलं की नोंद बाजूला काढायची. टाकून द्यायची नाही, तिचा वेगळा ढीग ठेवला आहे.

१५ जानेवारी

नाण्यांचं तबक तयार केलं. आतापर्यंतच्या कामातलं सगळ्यात उपयोगी साधन हेच ठरेल असं दिसतं, म्हणून सविस्तर लिहितो.

अडचण अशी की 'एक आण्यात जायचो' एवढ्यावरून काळ ठरत नाही. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, तरी पुढे काही वर्षं जुनी नाणी नव्यांबरोबर चालत होती. शिवाय पंचवीस पैशांना चार आणे आणि पन्नासला आठ आणे म्हणणं तर दशकानुदशकं टिकलं. तोंडातला आणा आणि हातातला आणा हे वेगळे. हातातला कोणता ते कळायला नाणं हातातच द्यावं लागतं.

जुन्या नाण्यांच्या विक्रेत्याकडून घासलेली, स्वस्तातली नाणी घेतली: भोकाचा पैसा (१९४३ ते १९४७ मधला), एक आणा, दोन आणे, चार आणे, आणि नव्यांतले एक, दोन, पाच, दहा, पंचवीस. चकचकीत नाणी मुद्दाम टाळली, बोटाला ती ओळखीची लागत नाहीत. लाकडी तबकात हिरवी लोकर चिकटवून त्यावर सुटी ठेवली. खाचेत बसवली तर म्हाताऱ्या बोटांना उचलता येत नाहीत.

गंमत इथे आहे: एक आणा कंगोऱ्यांचा, दोन आणे चौकोनी. नव्या नाण्यांत दहा पैसे कंगोऱ्यांचे, पाच पैसे चौकोनी. नुसतं 'कंगोऱ्याचं नाणं द्यायचो' म्हटलं तर दोन्ही शक्य. पण एक आण्याला बारा कंगोरे, दहा नव्या पैशांना आठ. डोळे मिटून अंगठ्यानं कड फिरवायला सांगितलं की बहुतेकांचा अंगठा लगेच ठरवतो. लालबागच्या एका आजींनी एक आणा उचलला, मुठीत दाबला आणि तळहात उघडून कड कुठे रुतायची ते दाखवलं. त्या नोंदीला 'खात्री: पक्की' लावलं.

एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. हे कोष्टकही तबकाच्या झाकणात आतून चिकटवलं, मुलाखत घेणाऱ्यांना लागतं.

१९ जानेवारी

ध्वनिमुद्रण. कॉलरचा माइक हनुवटीखाली पंधरा-वीस सेंमी. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, एक वाहिनी, वेव्ह फाइल. तासाला सुमारे ५२० एमबी होतात. पातळी नेहमीच्या बोलण्याला उणे १८ डेसिबलच्या आसपास ठेवायची, उणे १२ वर नाही. कारण ट्रामबद्दल बोलताना प्रत्येक जण कधी ना कधी घंटा वाजवून दाखवतो. 'टण्‌ टण्‌ टण्‌' एकदम मोठ्यानं येतं आणि नेमकं तेच फाटतं. पहिल्या तीनपैकी दोन मुद्रणांत तसं झालं.

फोनमधली आवाज स्वच्छ करणारी सोय बंद करायची. ती पंख्याबरोबर कवळीतून येणारे स आणि श सुद्धा पुसते, मग 'सात रस्ता' ऐकू येत नाही.

सुरुवातीला अर्धा मिनिट गप्प बसून खोलीचा आवाज घ्यायचा. पंखा बंद करा असं फेब्रुवारीपर्यंतच सांगता येईल. कुकर आणि सोसायटीची लिफ्ट यांच्यावर उपाय नाही. शिट्टी झाली की थांबायचं आणि तेच वाक्य पुन्हा विचारायचं नाही, पुढचा प्रश्न विचारायचा. पुन्हा सांगितलेलं वाक्य नेहमी नीटनेटकं आणि कोरडं होतं.

फाइलचं नाव: भाग, क्रमांक, तारीख. गि-०३ म्हणजे गिरगावातली तिसरी व्यक्ती. खरं नाव फक्त संमतीपत्रावर. प्रती तीन, त्यातली एक मुंबईबाहेर.

२६ जानेवारी ते २ फेब्रुवारी

आठवडाभर नकाशा. जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवायचं काम क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत. प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत) यूटीएम ४३ उत्तर.

रस्त्याच्या कडा संदर्भबिंदू (दोन्ही नकाशांत जुळवायच्या जागा) म्हणून घ्यायच्या नाहीत, रस्ते रुंद झाले आहेत. चौकाचे कोपरेही नाहीत. न हललेल्या वास्तू घ्यायच्या: फ्लोरा फाउंटन, सेंट थॉमस कॅथीड्रल, राजाबाई टॉवर, क्रॉफर्ड मार्केटचा मनोरा, अफगाण चर्च. दक्षिणेत बिंदू भरपूर, भायखळ्याच्या वर गेलं की हात आखडतो. केईएम रुग्णालयाची इमारत १९२६ ची, त्याआधीच्या नकाशात ती मिळणार नाही. परिणामी पहिल्या प्रयत्नात कुलाबा बरोबर बसला आणि दादर जवळजवळ एक गल्ली पश्चिमेला सरकलं.

मग थिन प्लेट स्प्लाइन ही नकाशा ताणून बसवायची गणिती पद्धत वापरून पाहिली. त्यात दिलेल्या प्रत्येक बिंदूवर चूक शून्य दिसते आणि मन खूश होतं, पण ते खरं नसतं. ही पद्धत बिंदू जुळवण्यासाठी मधला कागद हवा तसा ताणते. म्हणून चार बिंदू बाजूला ठेवले, बसवायला वापरलेच नाहीत, आणि नंतर त्यांच्यावर चूक मोजली. तेव्हा खरी परिस्थिती कळली: दक्षिणेत सहा-सात मीटर, परळच्या वर पंचवीसच्या पुढे. शेवटी नकाशा घडीच्या रेघांवर चार तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा बसवला. घडीवर कागद ताणला गेला होता, दोष तिथे होता. आता सगळीकडे दहाच्या आत. ट्राम रस्त्याच्या मधून जायची की कडेनं, एवढं सांगायला हे पुरतं.

नावांचं कोष्टक सोबत ठेवल्याशिवाय एकही आठवण जागेवर बसत नाही. हॉर्नबी रोड म्हणजे दादाभाई नवरोजी मार्ग. एस्प्लनेड रोड म्हणजे महात्मा गांधी मार्ग. गिरगाव रोड म्हणजे जगन्नाथ शंकरशेठ मार्ग. लॅमिंग्टन रोड म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग. कर्नाक रोड म्हणजे लोकमान्य टिळक मार्ग. किंग्ज वे म्हणजे डॉ. आंबेडकर मार्ग. जेकब सर्कल म्हणजे संत गाडगे महाराज चौक, पण माणसं 'सात रस्ता'च म्हणतात आणि तेच लिहायचं.

सापळे दोन. 'सँडहर्स्ट रोडला चढायचो': तो रस्ता आज सरदार वल्लभभाई पटेल मार्ग आहे आणि चांगला लांब आहे. सँडहर्स्ट रोड स्टेशन म्हणजे त्याचं एकच टोक. तसंच ग्रँट रोड: रस्ता (मौलाना शौकत अली मार्ग) वेगळा, स्टेशन वेगळं. 'स्टेशन की रस्ता?' हे लगेच तिथल्या तिथे विचारायचं. नंतर फोन करून विचारलं तर उत्तर बदलतं.

दादर टीटी मात्र एकदम सरळ. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. रोज हजारो लोक टॅक्सीवाल्याला हे नाव सांगतात. खोदादाद सर्कलवर ट्रामची एक वीट उरलेली नसताना नाव साठ वर्षं तग धरून आहे, आणि आठवणी गोळा करताना त्याचा मोठा आधार होतो. 'टीटी' म्हटलं की बोलणं सुरू होतं.

९ फेब्रुवारी

तिकिटं. घराघरांतून सात आली. पोथीत, पासबुकात, एक तर देवाच्या डब्यात.

करायचं ते: हात धुऊन, कोरड्या हातानं. मोजे नकोत, इतका पातळ कागद मोज्याला कळत नाही आणि फाटतो. दोन्ही बाजू १२०० डीपीआय, मागे काळा कागद ठेवून. पांढरा ठेवला तर मागची छपाई पुढे झिरपल्यासारखी दिसते. घडी जबरदस्तीनं उघडायची नाही. ओलसर टिपकागदाच्या शेजारी, स्पर्श न होता, बंद डब्यात दोन तास ठेवलं की कागद नरम होतो. सेलोटेप लावलेलं असेल तर काढायचं नाही, तसंच स्कॅन. लॅमिनेशन तर अजिबात नाही. दोन घरांनी प्रेमानं लॅमिनेट करून ठेवली होती आणि आतल्या ओलीनं दोन्हींवर तपकिरी ठिपके पडलेत. समुद्राजवळच्या घरात कागद कधीच पुरता कोरडा नसतो. ती ओल प्लॅस्टिकात कोंडली की ठिपके वाढतच जातात. पॉलिस्टरच्या, एका बाजूनं उघड्या पाकिटात ठेवायची आणि तिकीट त्याच दिवशी घरी परत.

काळ ओळखायच्या खुणा: कंपनीचं नाव असेल तर ७ ऑगस्ट १९४७ च्या आधीचं, 'अंडरटेकिंग' (महापालिकेचा उपक्रम) असेल तर नंतरचं. किंमत नव्या पैशांत असेल तर १ एप्रिल १९५७ नंतरचं. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ची, म्हणजे नव्या पैशांचं कोणतंही ट्राम तिकीट नेमक्या सात वर्षांतलं, एका दिवसाचाही फरक नाही. ट्राम गेल्यावर दोनच महिन्यांनी, १ जून १९६४ ला, पैशापुढचं 'नवा' हे विशेषणही सरकारनं काढलं.

कंडक्टरच्या चिमट्याचं भोक भिंगाखाली पाहायचं. कागदाचा कंगोरा ज्या बाजूला वर आलाय त्याच्या विरुद्ध बाजूनं चिमटा बसला. भोक ज्या आकड्यावर किंवा अक्षरावर आहे ती टप्प्याची खूण असते, म्हणून स्कॅनमध्ये भोक भरून 'सुंदर' करायचं नाही. आज एका प्रतीत तसं झालं होतं, मूळ फाइलवरून पुन्हा केलं.

१६ फेब्रुवारी

दांडी आणि तार. जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत हे येतं: दांडी तारेवरून सुटायची, डब्यात अंधार व्हायचा, ठिणग्या उडायच्या, कंडक्टर खाली उतरून दोरीनं ती परत लावायचा. ऐकणाऱ्या नव्या पिढीला कारण समजावं म्हणून नकाशासोबत द्यायची टीप आज लिहिली.

दांडीच्या टोकाला खोबणीचं चाक असतं, ते तारेला खालून दाबून धरतं. दाब स्प्रिंगचा. वळणावर ट्राम रुळाबरोबर गोल फिरते, पण वर तार गोल वळवता येत नाही. ती ओढून धरलेल्या लहान-लहान सरळ तुकड्यांची असते. प्रत्येक तुकड्याच्या सांध्यावर चाकाला कोन बदलावा लागतो. वेग जास्त असला की चाक खोबणीतून उडतं. दोन मार्ग जिथे फुटतात तिथे तारेतही फाटा असतो, आणि दांडी सरळ गेली पण ट्राम वळली असं झालं की हमखास सुटते. म्हणून 'दांडी सुटायची' या आठवणी नकाशावर टाकल्या की त्या वळणांवर आणि फाट्यांवरच गोळा होतात. बावीसपैकी सतरा तशा आल्या. उरलेल्या पाचांची जागा पुन्हा विचारायची आहे. आठवण आणि यंत्र एकमेकांची साक्ष देतात तेव्हा नोंदीची खात्री एक पायरी वर न्यायची, हा नियम आजपासून.

भिंतीवरच्या कड्या: तार तोलणाऱ्या आडव्या तारा कधी खांबांना, कधी इमारतींना बांधतात. जुन्या इमारतीवर लोखंडी कडी दिसली की ट्रामची म्हणून फोटो येतात. आमची कसोटी: कडी भिंतीत ठोकलेली नसून बैठकीसह बोल्टनं बसवलेली हवी, समोरच्या बाजूला तिची जोडी किंवा खांबाची जागा हवी, आणि रस्ता ट्रामच्या मार्गावर हवा. तिन्ही नसतील तर ती तोरणाची, दिव्याची, ताडपत्रीची असू शकते. आलेल्या अकरा फोटोंपैकी दोन टिकले.

२० फेब्रुवारी

ससून डॉक बाजूच्या मुलाखती. कोळणींच्या पाट्या ट्राममध्ये चढवू देत की नाही, याबद्दल दोन अगदी उलट आठवणी. दोन्ही स्वतः पाहिलेल्या, दोन्ही ठाम. एकीचा काळ पन्नासच्या आधीचा, दुसरीचा साठच्या आसपासचा. दोन्ही तशाच लिहिल्या, मध्यम मार्ग काढायचा नाही. बोलणाऱ्यांना एकमेकांचं म्हणणं सांगायचंही नाही. सांगितलं की दोघंही नमतं घेतात आणि दोन्ही नोंदी बिघडतात.

(ससून डॉक १८७५ चा, घोड्यांच्या ट्रामनंतर एका वर्षानं. शहराचं हे टोक बंदर आणि ट्राम यांनी जवळजवळ एकदमच शहराला जोडलं. नकाशाच्या कुलाबा पानावर एवढी एक ओळ घालायची.)

२ मार्च

फोटोंचा काळ. वहीतल्या खुंट्याच पुन्हा. दुमजली ट्राम दिसली तर सप्टेंबर १९२० नंतरचा. रस्त्यावर बस दिसली तर जुलै १९२६ नंतरचा. घोडा दिसला म्हणून घोड्यांची ट्राम समजू नये, व्हिक्टोरिया (घोडागाड्या) पुढेही कित्येक वर्षं होत्या. फाउंटनजवळ हुतात्मा स्मारक दिसत असेल तर ट्रामची शेवटची दोन-तीन वर्षं.

प्रत्येक फोटोत पाटीवरची अक्षरं आधी वाचायची. दोन प्रती निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेल्या निघाल्या. त्यांत ट्राम उजवीकडून चाललेली दिसत होती आणि त्यावरून 'इथे रूळ विरुद्ध बाजूला होते' अशी टीपही कोणीतरी मागे लिहून ठेवलेली.

८ मार्च

शेवटची रात्र. ३१ मार्च १९६४, बोरीबंदर ते दादर. वाटेवर दुतर्फा माणसं उभी होती. त्या ट्राममध्ये होतो असं सांगणारे आतापर्यंत नऊ जण.

यात कोणाला खोटं ठरवायचं नाही. साठ वर्षं मनात जपलेली रात्र आहे ती. वर्गवारी चार केली: आत, रस्त्यावर, गॅलरीतून, ऐकीव. विचारायचं असं: ट्राम तुमच्याकडे येत होती की तुमच्यापासून लांब जात होती? आत बसलेला माणूस या प्रश्नावर थबकतो आणि खिडकीबाहेरची माणसं सांगू लागतो. बाहेर उभा असलेला लगेच हात करून दिशा दाखवतो. मग 'त्याआधी कधी बसला होतात, शेवटचं तिकीट कधी काढलंत?' इथे बहुतेकांना स्वतःलाच उमगतं आणि ते आपणहून दुरुस्त करतात. नवांपैकी तिघे 'आत' राहिले.

आणखी एक ताळा: ती मंगळवारची रात्र होती. 'रविवार होता म्हणून वडिलांनी नेलं' अशी आठवण खरी असेल, पण ती त्या रात्रीची नाही. बहुधा आधीच्या एखाद्या रविवारची निरोपाची फेरी. तशी नोंद 'शेवटच्या दिवसांत' म्हणून ठेवली, आणि ती मोलाचीच आहे.

१६ मार्च

मुद्रणं ऐकून लिहून काढणं फार हळू चाललंय. एका तासाच्या मुद्रणाला साडेपाच ते सहा तास. मराठीत बोलता-बोलता गुजराती, मुंबईची हिंदी येते, ती तशीच ठेवायची. 'ट्राम्वे', 'ट्रामगाडी', 'ट्राम' जसं उच्चारलं तसं. हातवारे कंसात. शांतता पाच सेकंदांच्या वर गेली तर तीही लिहायची.

२२ ते २९ मार्च

प्रदर्शनासाठी रुळाचा छेद, खऱ्या मापाचा. रस्ता कापून बाजूनं पाहिल्यावर रूळ आत कसा बसलेला असतो ते दाखवायचं. लोक रेल्वेचा रूळ डोळ्यांपुढे आणतात. ट्रामचा तसा नसतो. त्याच्या डोक्यातच खाच असते, चाकाची कड त्या खाचेतून चालते, म्हणून बाजूचा रस्ता रुळाच्या बरोबरीनं भरता येतो आणि वरून बैलगाडी, हातगाडी, माणूस सगळं जाऊ शकतं. सायकलचं चाक मात्र त्याच खाचेत अडकतं. सायकलवरून पडल्याच्या आठवणी आमच्याकडे चौदा आहेत.

माप: लांबी ६० सेंमी, रुंदी ४५. रुळाची उंची १६० मिमी, तळ १५०, डोकं ५६, खाच ३२ रुंद आणि ३५ खोल, पलीकडचा ओठ १४. तळ आणि मान मरीन प्लायची. एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाचा तक्ता) नको, पावसाळ्यात फुगतो. वरचे फरसबंदीचे दगड काळ्या पाषाणाचे, १०×१० सेंमी तोंडाचे. पुरे १५ सेंमी खोल दगड घेतले तर एकेक चार किलोच्या वर जातो आणि चोवीस दगडांत नमुना शंभर किलोंचा होतो. म्हणून अडीच सेंमीच्या चकत्या कापून घेतल्या, एकेक पाऊण किलोच्या आतबाहेर. कापलेल्या बाजूला मात्र उभ्या पूर्ण उंचीच्या चकत्या, म्हणजे खोली दिसते.

काँक्रीटच्या थरासाठी थर्माकोलवर थेट सिमेंटचा गिलावा केला. दुसऱ्या दिवशी तडकून सुटला. थर्माकोल पाणी शोषत नाही, गिलावा धरायला काहीच नव्हतं. कोंबडी-जाळी खिळवून, पातळ चिकटद्रव्याचा हात देऊन पुन्हा १० मिमी गिलावा, तीन दिवस ओलं पोतं. आता ठणठणीत.

रुळाच्या डोक्याला आधी ग्रॅफाइट चोळलं. छान दिसलं, पण हाताला लागतं, आणि हा नमुना हात लावायसाठीच आहे. वार्निश दिलं तर चकाकी मेली. शेवटी ३ मिमी जाडीची पोलादी पट्टी बसवली आणि चारशे नंबरच्या पॉलिश पेपरनं घासली. खाच आणि ओठ मुद्दाम काळपट ठेवले, कारण चाक घासतं तिथेच रूळ चमकतो, बाकी कधीच नाही.

ही पट्टी एका रात्रीत तांबूस झाली. खारी हवा. तेलाचा पातळ हात देणं हा उपाय सोपा आहे, पण यातून एक खुंटी हाती लागली जी आधीच सुचायला हवी होती. ट्रामचे मार्ग एकदम बंद झाले नाहीत, एकेक करत गेले, बोरीबंदर-दादर शेवटचा. रोजच्या वापरातला रूळच चकाकतो. 'रूळ उन्हात आरशासारखे दिसायचे' ही आठवण त्या रस्त्यावर ट्राम चालू असतानाची, आणि 'गंजके रूळ होते, आम्ही त्यावर खेळायचो' ही तो मार्ग बंद झाल्यानंतरची. या दृष्टीनं जुनी सगळी मुद्रणं पुन्हा ऐकायची. आज सहा ऐकली, दोन नोंदींचा काळ पुढे सरकला.

रूळ डांबराखाली का राहिले, हेही नमुन्यापाशी लिहायचं: काढायचे तर काँक्रीट फोडावं लागतं. वरून डांबर टाकणं स्वस्त. पण लोखंड आणि डांबर उन्हानं वेगवेगळं फुगतं, म्हणून काही वर्षांनी रुळाच्या रेषेत डांबराला लांब, सरळ, जोडीनं चिरा पडतात. फाउंटनच्या परिसरात काम करताना जमिनीखालचे जुने रूळ असेच उघडे पडले होते.

६ एप्रिल

नकाशाच्या पहिल्या छपाईत अक्षर १२ पॉइंट होतं. ज्यांनी आठवणी दिल्या त्यांनाच वाचता येईना. आता २४, ठिकाणांची नावं ३०, जुनं नाव मोठं आणि नवं त्याखाली लहान. फलक जमिनीपासून ९० ते १४० सेंमीच्या पट्ट्यात, चाकाच्या खुर्चीवरून दिसेल असा. तबक आणि रुळाचा छेद शेजारी-शेजारी, मध्ये दोन खुर्च्या आणि चालू माइक. हात लागला की माणसं बोलतात, तेव्हा मुद्रणाची सोय तिथेच हवी. संमतीपत्रं खुर्चीजवळ, पेन दोरीनं बांधलेलं.

एकंदर एकोणचाळीस मुलाखती, त्यातल्या अठ्ठावीस लिहून झाल्या. माझगाव आणि डोंगरी अजून जवळजवळ कोरे. तिथली पाच नावं यादीत आहेत, पाचही ऐंशीच्या पुढची, चार जण लिफ्ट नसलेल्या चाळींत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर. ती प्रदर्शनाला येऊ शकणार नाहीत. तबक, माइक आणि रुळाचा तीस सेंमीचा हलका तुकडा घेऊन त्यांच्याकडे जायचं, पावसाआधी. तुकड्याचं प्लाय कापून झालंय, पट्टी उद्या बसेल.